धुलियानचा व्हिसा

परदेशी संघाबरोबर फिरून आलो हे कळल्यापासून देवपुरातली माणसं मला रस्त्यात अडवतात आणि विचारतात, "मास्तर, कोठपर्यंत जाई उनात?" मी सांगतो, "नीमपर्यंत." मग ती हसतात. नीम हे अमळनेर तालुक्यातलं एक खेडं. कराचीच्या खेळाडूंबरोबर निघून शेवटी नीम गाठलं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढला, असं त्यांना वाटतं. पण लंकेला जाऊन आलो असतो तरी याहून लांब गेल्यासारखं मला वाटलं नसतं. जे आले नव्हते त्यांच्यासाठी, आणि हसणाऱ्यांसाठीही, हे लिहून ठेवतो.

मी धुळ्यातल्या देवपूरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो, संध्याकाळी पांझरा नदीच्या वाळूत पोरांना फुटबॉल शिकवतो आणि धुळ्याच्या क्लबाचा चिटणीस म्हणून फुकटच्या शिव्या खातो. मुंबईच्या एका मंडळानं शेजारच्या देशांतल्या क्लबांचे सामने भरवले होते. रंगूनचा एक संघ होता, कोलंबोचा एक, कराचीचा एक. पहिल्या फेरीत कराचीकरांची गाठ आमच्या खानदेश संघाशी पडली. एक सामना जळगावला आणि परतीचा आमच्या धुळ्याला, असं ठरलं. पाहुण्यांना जळगावाहून धुळ्याला घेऊन येण्याचं काम माझ्याकडे आलं.

जळगाव

थंडीचे दिवस होते. स्टेशनात गाडी शिरली तेव्हा मी हार आणि पाठ केलेलं हिंदी घेऊन उभा होतो. हिरव्या कोटातली उंच, देखणी माणसं उतरली. त्यांचे मॅनेजर पांढऱ्या दाढीचे, फार अदबीचे गृहस्थ होते. सगळे त्यांना खानसाहेब म्हणत. त्यांच्यामागून उतरलेल्या तरुणाच्या गळ्यात हार घालत मी म्हणालो, "आप का सफर आराम से हुआ?"

तो माझ्याकडे बघून हसला. "मास्तर, मन्हासंगे हिंदी कसाले बोली राहिनात? वळखं नई का? मी हमीद."

आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्यांचा हमीद! कापूस पिंजणाऱ्या त्या घरातलं हे शेंडेफळ. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीनं वाढवलं. त्याच्या पायातला खेळ मी वाळूत घडवला होता. फाळणीनंतर मामाच्या मागे कराचीला गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मी हार तसाच सोडून त्याला मिठी मारली. माझं पाठ केलेलं हिंदी तिथंच संपलं.

"अक्का कशी शे?" त्यानं पहिला प्रश्न केला.

"चांगली शे. परवा धुळ्यात गेलास की बघशीलच."

त्या दिवशी संध्याकाळी केळीच्या बागेत पाहुणचार होता. बाग एका पाटलांची. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असा बेत मांडला होता. कराचीच्या गोलकीपरनं ठेचा ही चटणी समजून भाकरीभर लावली आणि पुढं बराच वेळ तो विहिरीपाशी होता. कराचीत केळी डझनावर विकत घेतात, असं खानसाहेब म्हणाले. नाना ऐकतच राहिले. केळी म्हणजे काय मोजायची वस्तू झाली! त्यांनी प्रत्येक पाहुण्यापुढं एकेक आख्खा घड ठेवला आणि खाऊन संपवल्याशिवाय कोणी उठायचं नाही असा दम दिला.

निघताना आम्ही सगळे नानांना "येस, नाना, येस" म्हणालो. आमच्याकडे दारातून निघताना 'जातो' म्हणायची पद्धत नाही. तुम्ही 'येतो' म्हणता, आम्ही 'येस'. खानसाहेब थक्क झाले. "आपके यहाँ देहात में भी सब अंग्रेज़ी बोलते हैं!" हमीदनं हसत हसत त्यांना अर्थ सांगितला. सांगून झाल्यावर मात्र तो एकटाच पुढं जाऊन गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. आम्ही दोन गोलांनी हरलो. दोन्ही हमीदनंच मारले, आणि मला वाईट वाटावं की अभिमान, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

खरी फजिती त्यानंतर झाली. पाकिस्तानच्या पाहुण्यांना गावोगाव पोलिसात नोंद करावी लागते. पासपोर्ट-व्हिसाचं हे प्रकरण तेव्हा नवंच होतं. कचेरीतले साहेब एकेक पासपोर्ट उघडून पाहत होते. पाहता पाहता त्यांनी चष्मा पुसला.

"मुंबई, जळगाव आणि धुलियान. हे धुलियान कुठं आलं?"

"धुळे असेल, साहेब. इंग्रजीत धुलिया म्हणतात ना."

"धुलिया नाही, धुलियान. शेवटी न आहे. सगळ्यांच्या व्हिसावर आहे."

भिंतीवर रेल्वेचा नकाशा होता. त्यांनी बोट फिरवत फिरवत बंगालात नेलं. गंगेच्या काठी खरंच धुलियान नावाचं गाव निघालं. आता हा न आला कुठून? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निमंत्रणाचं पत्र आमच्या क्लबाच्या अध्यक्षांनी, अण्णासाहेब वकिलांनी, स्वहस्ते लिहिलं होतं. अण्णासाहेबांना आपल्या इंग्रजी अक्षराचा मोठा गर्व. प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराला ते अशी झोकदार शेपटी काढतात की पाहणाऱ्यानं मान डोलवावी. ती शेपटी वाचणाऱ्यानं न म्हणून वाचली, त्यात त्याची काय चूक? पत्र मी पाहिलं होतं. ड्रॉइंग मास्तर असल्यामुळे मी मान डोलावलीच होती.

"दुरुस्ती मुंबईहून होईल," साहेब म्हणाले. "पण तोवर यांच्या परतीची तारीख उलटेल. जळगावच्या नावावर मी त्यांना पूर्व खानदेश जिल्ह्यात कुठंही फिरू देतो, तेवढं माझ्या हातात आहे. पश्चिम खानदेशात पाऊल नाही."

म्हणजे धुळे गेलं. खानसाहेब सामन्याची काळजी करू लागले. हमीद भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मास्तर, मी इतला लांबथून फक्त सामनासाठे नई उनू. अक्काले आठे लई या."

"आणतो की. त्यात काय!" मी म्हणालो.

देवपूर

बोलणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एस. टी.नं धुळ्यात उतरलो आणि पूल ओलांडून थेट पिंजाऱ्यांच्या घरी गेलो. जैनबअक्का ओट्यावर गादीला टाके घालत बसली होती. तिचे मालक आत कापूस पिंजत होते, त्या धनुकलीच्या तातीचा टुंग टुंग आवाज चालू होता. सगळं देवपूर तिला अक्काच म्हणतं. तिच्यापेक्षा मोठे असलेलेही म्हणतात, कारण अक्काला नुसत्या नावानं हाक मारण्याची कोणाची छाती नाही.

मी सगळं सांगितलं. हमीद आला, दोन गोल मारले, शेपटीचा न झाला. ती टाके घालत राहिली.

"उद्याच्या गाडीनं माझ्याबरोबर चल," मी म्हणालो.

"मी नई येवाव."

"अगं, त्याला इकडं यायची बंदी आहे."

तिनं दोरा दातानं तोडला. "मास्तर, तो गया तवय काय सांगीसन गया? याच ओटावर उभा व्हता. 'अक्का, येस मी.' माले वाटनं, खेळाले जाई राहिना. ताटमा भाकर वाढीसन बठनू. तो कराचीले गया." मग सुईत नवा दोरा ओवत म्हणाली, "येस म्हणीसन गया ना? मंग त्यानी येवाले पाहिजे. मी कसाले जाऊ?"

आतला टुंग टुंग आवाज थांबला होता. मालकांनी दारातून डोकं काढून मला खुणेनं सांगितलं, की याच्यापुढं बोलू नका. मी तरी बोललो. कायदा सांगितला, सरकार सांगितलं, हद्द सांगितली. अक्कानं मला चहा पाजला, चहात आलं घातलं, आणि जागची हलली नाही.

संध्याकाळी मी पांझरेच्या काठावर जाऊन बसलो. मनातून अण्णासाहेबांच्या शेपटीला यथेच्छ शिव्या दिल्या. नदी नेहमीसारखी पसरून, उथळ, पुलाखालून पूर्वेला चालली होती. धुणं वाळत होतं, पोरं वाळूत खेळत होती. हिला काय, व्हिसा नको की शिक्का नको. आणि मग मला एकदम सुचलं, की ही बया जाते कुठं? शाळेत मीच नकाशे काढायला लावतो. पांझरा तापीला मिळते ती मुडावदपाशी. मुडावद आमच्या पश्चिम खानदेशात, आणि समोरच्या काठावर कपिलेश्वराचं देऊळ आहे ते नीम गाव पूर्व खानदेशात! हमीदला पांझरेकडे येता येत नव्हतं, पण पांझरा आपल्या पायानं पूर्व खानदेशाच्या हद्दीपर्यंत जात होती.

मी धावतच अक्काकडे परत गेलो. ती माझं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "मुडावदपर्यंत येसू. माहेरनी नदी शे. पण मी पल्याड पाय ठेवाव नई. सांगी द्या त्याले."

तेवढं तर तेवढं, असं म्हणून मी उठलो.

अमळनेरच्या वाटेनं

जळगावच्या साहेबांनी नकाशा पाहिला, हसले आणि नीमच्या वाळूत सामना घ्यायला परवानगी दिली. वर एक हवालदार बरोबर दिला. सोनवणे हवालदार भारी मिशांचे आणि फार झोपाळू होते. मुंबईच्या मंडळाचीही तार आली, की सामना कुठंही खेळा पण खेळा. मुंबईहून येणारा रेफरी मनमाडला गाडी चुकला, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात पडली. मी धुळ्याच्या क्लबाचा चिटणीस आहे हे मी खानसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कोई बात नहीं, आप उस्ताद भी तो हमीद के हैं." हिशेब चोख होता.

धरणगावावरून आमची गाडी अमळनेरला गेली. दोन्ही बाजूंना दादर ज्वारी कणसावर आली होती आणि वेचणीच्या बायका कापसाचे ओचे भरून बांधावर उभ्या होत्या. धरणगावच्या स्टेशनात एका म्हाताऱ्यानं हिरवे कोट पाहून मला विचारलं, "कोणता बँड शे, भाऊ? लगीन कोठे शे?" मी कराचीचा बँड आहे असं सांगितलं. म्हातारा म्हणाला, मोठ्या घरचं लग्न दिसतंय.

अमळनेरहून पुढं कापसाच्या ट्रकवर बसून गेलो. नीमला उतरलो तेव्हा सगळा संघ पांढरा झाला होता. हिरव्या कोटांवर, केसांत, खानसाहेबांच्या दाढीत, सगळीकडे कापूस. इतर सगळे झटकत होते. हमीदनं मात्र बाहीवरचा कापूस बोटांनी सोडवून पाहिला आणि म्हणाला, "लांब धागाना शे." पिंजाऱ्याचा पोर शेवटी पिंजाऱ्याचाच.

संगम

सकाळ होती. डावीकडून पांझरा येत होती, समोर तापीचं मोठं पाणी, आणि देवळाखाली वाळूचं ऐसपैस मैदान. आम्ही बांबू रोवून गोल केले. पलीकडे मुडावदच्या काठावर धुळ्याहून ट्रक, छकडे, सायकली आल्या होत्या. धोतरं वर खोचून माणसं पाण्यातून आमच्या काठावर येऊ लागली. त्यांना कसली बंदी! बघता बघता सगळं धुळे पूर्व खानदेशात आलं. पलीकडच्या काठावर निळ्या लुगड्यातली एकच बाई उरली.

हमीदनं तिला पाहिलं, तिनं त्याला पाहिलं. कोणी हात हलवला नाही.

सामना सुरू झाला. वाळूत कराचीकरांचे बूट रुतायला लागले, आणि आमची अनवाणी पोरं वाऱ्यासारखी पळू लागली. आम्ही पहिला गोल केला तेव्हा देवळाची घंटा कोणीतरी बडवली. मग हमीदनं बूट काढून फेकले आणि अनवाणी खेळायला लागला. लहानपणी खेळायचा तसाच, डावा खांदा जरा पाडून. थोड्याच वेळात त्यानं बरोबरी केली.

आणि मग त्यानं तो फटका मारला. समोर गोल मोकळा होता, अडवायला कोणी नव्हतं, आणि हमीदचा उजवा पाय मी ओळखतो. चेंडू गोलाच्या उलट दिशेला, लोकांच्या डोक्यांवरून उंच गेला आणि पांझरेपलीकडे, थेट निळ्या लुगड्यापाशी जाऊन पडला. हा फटका चुकून गेला, असं रेफरी म्हणून मी लिहून देणार नाही.

अक्कानं चेंडू उचलला. लोक ओरडले, "अक्का, फेका! चेंडू फेका!" ती चेंडू मांडीवर घेऊन वाळूत बसली.

हमीद पाण्याच्या कडेला गेला. "अक्का, चेंडू दे ना."

"ईसन लई जा."

"माले येता येत नई. मनाई शे."

"'येस' म्हणीसन गया व्हता तू. मनाई तवय नई व्हती."

कराचीकरांना भाषा कळत नव्हती, तरी तेही पाण्याच्या कडेला येऊन थांबले. हमीद पाण्यात उतरला. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत. सोनवणे हवालदार खडबडून उठले. "ओ भाऊ! हद्द शे! मझार हद्द शे!"

"मझारपर्यंत जास. पुढे नई," हमीद म्हणाला, आणि नदीच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. तिथून पुढं एक पाऊलही टाकलं नाही. नुसता उभा. पाणी बर्फासारखं होतं आणि वारा सुटला होता. तो थरथरत होता, ते मला काठावरून दिसत होतं.

अक्कानं पलीकडून विचारलं, "बूट कोठे शेत तुन्हा?"

"काढी टाकात."

"इतला मोठा देश, नि तुले नीट बूट नई दिन्हात?"

"दिन्हात ना. मीच काढात."

"आनि थंडा पानीमा उभा शे! लहानपने बी असाच. ताप उना म्हणजे कोन बठी तुन्हा उशाले? आं? कोन बठी?"

ती बोलत होती आणि बोलता बोलता उठली होती. लुगडं वर धरलं, चेंडू काखेत मारला, आणि रागारागानं पाण्यात शिरली. मध्यावर, त्याच्यापुढं येऊन थांबली. आधी चेंडूनंच त्याच्या छातीवर एक दणका दिला. मग पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली. तो तिच्याहून हातभर उंच झाला होता, म्हणून तिला टाचा उंच कराव्या लागत होत्या.

मला रडू फुटलं. आणि शिट्टी तोंडातच असल्यामुळे ती वाजली. खेळ सुरू झाला असं समजून दोन्ही संघ चेंडूवाचूनच धावत सुटले. मग सगळा काठ हसला, पाण्यात ती दोघंही हसली. हवालदार मला म्हणाले, "मास्तर, पानीमा हद्द कोठे शे, माले तं दिसत नई." मी म्हणालो, "मलाही दिसत नाही." ती दोघं किती वेळ तिथं उभी होती ते मी सांगू शकत नाही. माझ्या हातात घड्याळ होतं, पण मी त्याकडे पाहिलं नाही.

सामना बरोबरीत सुटला. पुढच्या फेरीत कराची गेली. आमच्यापैकी कोणालाही त्याचं काही वाटलं नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा सगळे पुन्हा पाण्याच्या कडेला आले. अक्का पुन्हा मध्यावर आली होती, हमीदही तिथवर गेला. त्याला 'जातो' म्हणवेना, आणि 'येस' तर आता म्हणायची सोयच राहिली नव्हती. पुढचा व्हिसा मिळेल की नाही, कोणत्या गावाचा मिळेल, कोणी सांगावं! तो मान खाली घालून पाण्याकडे बघत राहिला. त्याची ती अडचण अक्काच्या ध्यानात आली असावी. तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली.

"बरं, हमु. येस मी."

आणि पाठ फिरवून पश्चिम खानदेशाकडे चालू लागली. परत वळून पाहिलं नाही. ट्रकमध्ये बसेपर्यंत हमीद काठावरच्या वाळूत उभा होता, बूट हातात घेऊन.

मला वाटलं, प्रवास तिथं संपला. पण परवा अक्का माझ्या घरी आली. मालक बरोबर होते. तिनं पासपोर्टचा कोरा अर्ज माझ्यापुढं ठेवला.

"मास्तर, भरी द्या."

मी नाव भरलं, गाव भरलं. धुळ्याचं इंग्रजी नाव छापील अक्षरांत लिहिलं. प्रवासाचं कारण काय, असा एक रकाना होता. मी 'भावाला भेटण्यासाठी' असं लिहून तिला वाचून दाखवलं.

"तसं नई," ती म्हणाली. "मी त्याले येस म्हणीसन उनू. तेच लिखा."

ते कसं लिहायचं, मला सुचेना. मी तिच्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. मालकांनी खुणेनं सांगितलं, की याच्यापुढं बोलू नका. मग मी लिहिलेलं खोडलं आणि ती म्हणाली तसंच लिहिलं. एकाही अक्षराला शेपटी काढली नाही.